वीतभर संगमरवरात उत्तम मेंढपाळ

क्रूसावरचा येशू वीतभर संगमरवरात करायला घेऊ नका, निदान पहिल्या चार-पाच कामांत तरी नको. पसरलेले दोन हात म्हणजे आधाराविना बाहेर आलेल्या दोन दगडी कांड्या. संगमरवर दाबाला जितका टिकतो त्याच्या दहाव्या भागाच्या आसपासच ताणाला टिकतो. २० सेंटीमीटर उंचीच्या मूर्तीत मनगट ६-७ मिलिमीटरचं होतं. ते घासताना मोडतं, नाहीतर खोक्यात भरताना मोडतं. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंताचे क्रूसावरचे येशू घडत, त्यांतही हात वेगळे कोरून खांद्यात बसवायची रीत होती, कारण सुळ्याची रुंदी तेवढी नसते. संगमरवरात रुंदी हवी तेवढी मिळते, पण चिवटपणा मिळत नाही.

दगडाला मानवणारे विषय जुन्या ख्रिस्ती शिल्पात भरपूर आहेत. त्यांतला सगळ्यांत वरचा माझ्या मते उत्तम मेंढपाळ, म्हणजे खांद्यावर कोकरू घेतलेला येशू. व्हॅटिकनच्या पिओ क्रिस्तियानो संग्रहालयात तिसऱ्या शतकाच्या अखेरच्या सुमाराची, साधारण मीटरभर उंचीची मूर्ती आहे, तिचे फोटो समोर ठेवा. खांद्यावर आडवं कोकरू, त्याचे पाय मेंढपाळाने छातीशी धरलेले. मान कोकराच्या पोटाला टेकलेली, हात छातीला चिकटलेले. मोडायच्या दोन मुख्य जागा, मान आणि मनगट, रचनेनेच बांधून टाकल्या आहेत. राहतात ते पाय. या मूर्तीचे पाय नंतरच्या डागडुजीतले आहेत, त्यामुळे पायांसाठी तिच्यावर विसंबू नका. रोमन कारागीर अशा वेळी पायामागे झाडाचं खोड ठेवत, किंवा पायाशी एक-दोन मेंढ्या बसवत. दिसायला सजावट, काम टेकूचं. लहान मूर्तीत हा टेकू हवाच.

या मेंढपाळाला दाढी नाही. तरुण पोरगा आहे, गुडघ्यापर्यंतचा आखूड अंगरखा, कमरपट्टा, आडवी अडकवलेली झोळी. गिऱ्हाइकाला कॅलेंडरवरचा लांब झग्यातला येशू हवा असेल तर वाद घालू नका. झगा घोट्यापर्यंत आला की पायांची काळजीच मिटते.

अगदी पहिलंच काम असेल तर संत सेसिलिया घ्या. रोममधल्या सांता चेचिलिया चर्चमधली स्तेफानो मादेर्नोची १६०० सालची मूर्ती कुशीवर आडवी आहे, डोकं कापडात गुंडाळलेलं आणि चेहरा जमिनीकडे वळलेला. चेहरा कोरायचा नाही, काही उभं नाही, सगळा भार तळावर. ४० मिलिमीटर जाडीच्या लांबट तुकड्यात ती बसते. उठावाची, म्हणजे सपाट पाटीतून थोडं वर येणाऱ्या कोरीवकामाची हौस असेल तर दोनातेल्लोची ढगांतली मारियामाता बघा, बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. जेमतेम ३३ सेंटीमीटरची फरशी आणि त्यात इतका उथळ उठाव की खोली सावलीनेच भासते. ओट्याच्या १८-२० मिलिमीटरच्या तुकड्यात ६ ते ८ मिलिमीटर खोलीचा उठाव आरामात निघतो. त्याहून खोल गेलात तर मागे उरलेली पाटी हातोडीच्या ठोक्याला तडकते.

पिएताचा, म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मारियेचा, मोह सगळ्यांना होतो. मायकेलअँजेलोने ती १४९८-९९ मध्ये कारारा संगमरवरात केली, उंची १७४ सेंटीमीटर. प्रौढ मुलगा आईच्या मांडीवर मावावा म्हणून मारियेचं अंग मुद्दाम मोठं धरलंय, आणि ते घोळदार वस्त्राखाली लपवलंय. ती उभी राहिली तर मुलापेक्षा बरीच उंच भरेल. वीतभर आकारात करणारे मारियेच्या चेहऱ्यावर मेहनत घेतात आणि फसतात ते येशूच्या खाली लोंबणाऱ्या उजव्या हातात. तो हात मागच्या वस्त्राला चिकटलेलाच राहू द्या. बाजूने खोल सावली दिली की समोरून तो सुटा दिसतो.

आता दगड. आपल्याकडे कोकणात खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभा, वर वसई-अलिबागकडे काळा दगड. संगमरवर सगळा बाहेरून येतो, मकराना किंवा अंबाजीहून. मूर्तीसाठी अख्खा ठोकळा मागवायची गरज नाही. ओटे आणि कबरींच्या पाट्या करणाऱ्या मार्बलवाल्याच्या मागच्या अंगणात मोडीचे तुकडे पडलेले असतात. उठावाला ते पुरतात. उभ्या मूर्तीला मात्र १० × ८ × २० सेंटीमीटरचा सलग ठोकळा लागतो. १६०० घन सेंटीमीटर, संगमरवराची घनता २.७, म्हणजे वजन ४.३ किलो. दोन फरशा चिकटवून ठोकळा करू नका, सांध्यावर टाकी घसरते आणि पॉलिशनंतर रेघ दिसते.

तुकडा विकत घेण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, हातावर तोलून लहान हातोडीने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर आहे. दोन, पाण्याने भिजवा आणि सुकू द्या. बाकी दगड सुकतो तरी चिरेची रेघ ओली, गडद राहते. तीन, ताज्या फुटलेल्या बाजूचे कण भिंगाखाली बघा. व्हिएतनामचा म्हणून मिळणारा पांढराशुभ्र दगड दिसायला देखणा, पण कण मोठे, उन्हात चमचमतात. फरशीला उत्तम, २ सेंटीमीटर रुंदीच्या चेहऱ्याला निरुपयोगी. मकरान्यातही खाणीखाणीचा फरक असतो, नावावर जाऊ नका.

आणखी एक तपासणी जिवाशी संबंधित आहे. हल्ली ओट्यांना कृत्रिम क्वार्ट्‌झ वापरतात, पांढऱ्या रंगात तो संगमरवरासारखाच दिसतो. लिंबाचा थेंब टाका. संगमरवरावर बुडबुडे येतात, क्वार्ट्‌झवर काहीच होत नाही. डोलोमाइट जातीच्या संगमरवरावर बुडबुडे जवळजवळ दिसत नाहीत, तिथे थोडी पूड खरवडून त्यावर थेंब टाका, किंवा चाकूने ओरखडा काढा. चाकू लागला तर काम करता येईल. क्वार्ट्‌झच्या मालात सिलिका ९० टक्क्यांच्या घरात असते, तो कोरडा कापणं म्हणजे सिलिकोसिसला, म्हणजे धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाला आमंत्रण. संगमरवराची धूळ त्या मानाने सौम्य, पण एन-९५ मास्क आणि चष्मा तरीही लावायचाच. रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे.

मातीचा नमुना पूर्ण आकारात करा. पेणच्या गणपतीवाल्यांची शाडू याला झकास, फक्त पावसाळ्यात ती सुकत नाही आणि उन्हाळ्यात तडकते, म्हणून प्लास्टरमध्ये साचा काढून ओतून घ्या. प्लास्टरवर कॅलिपर (माप घ्यायचा चिमटा) टेकवता येतो, शाडूत तो रुततो. मूर्ती १८ सेंटीमीटर, तळ २. प्रमाण साडेसात डोक्यांचं नको, सहा डोक्यांचं ठेवा. चौथ्या शतकाकडे झुकणारी ख्रिस्ती शिल्पं तशी ठेंगणीच आहेत, त्यामुळे खोटंही वाटत नाही. सहा डोकी म्हणजे डोकं ३० मिलिमीटर उंच, २० रुंद, आणि डोळा ४ मिलिमीटरचा. हा ४ चा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, पुढे तोच सतावतो.

ठोकळ्यावर समोरची आणि बाजूची आकृती साध्या पेन्सिलीने किंवा कोळशाने काढा. बॉलपेन आणि मार्कर नको, शाई आत मुरते आणि पॉलिश झाल्यावर निळसर सावली होऊन वर येते. ठोकळा शिकंजात आवळू नका. गोणीत वाळू भरून त्यावर बसवा, ठोका पडला की वाळू तो शोषून घेते. वाळू किनाऱ्यावरची आणू नका. तिच्यातलं मीठ दमटपणात दगडात उतरतं. नदीची किंवा कृत्रिम वाळू घ्या.

मोठा माल ४ इंची ग्राइंडरवर डायमंड ब्लेड लावून काढायचा. आखलेल्या रेषेपासून ३ मिलिमीटर बाहेर थांबतील असे समांतर काप दर ५ मिलिमीटरवर घाला आणि मधल्या पापुद्र्या आडव्या ठोक्याने पाडा. ठोका नेहमी मूर्तीपासून बाहेर जाणारा. पापुद्री आत ढकलली तर ती मुळाशी तुटताना मूर्तीतला लचका घेऊन जाते. पाणी मारत कापत असाल तर वायरिंगवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. जुलै-ऑगस्टच्या ओल्या पडवीत त्याशिवाय ग्राइंडर हातात धरू नका. खाली साचलेला पांढरा गाळ मोरीत सोडू नका, पाइपात बसला की पाइपच बदलावा लागतो.

मग टाकी. काळ्या दगडाची टाकी बोथट टोकाची असते, ती इथे चालत नाही. संगमरवराला टोक लांब आणि धारदार लागतं. कार्बाइडची आणलीत तर उत्तम. लोहाराकडून साधी पोलादी करून घ्यायची तर पाणी दिल्यावर पुन्हा तापवून गवती पिवळ्या रंगावर उतरवायला सांगा. निळ्यापर्यंत गेली की टोक दबतं. अर्धा किलोची हातोडी, टाकी ४५ ते ६० अंशांवर. काटकोनात ठोकाल तर खालचे कण चिरडतात. तेव्हा दिसत नाही. घासताना ८०० नंबरच्या कागदापर्यंत आल्यावर पांढरे डाग उमटतात, आणि ते कितीही घासलं तरी जात नाहीत, कारण मार ३-४ मिलिमीटर आत गेलेला असतो. बहुतेकांच्या पहिल्या मूर्तीच्या गालावर हे पांढरे ठिपके असतातच. म्हणून अखेरच्या पृष्ठभागाच्या ५ मिलिमीटर अलीकडे टोकाची टाकी ठेवून द्या, २ मिलिमीटरपर्यंत दातेरी छिन्नी, पुढे सपाट छिन्नी आणि पाव किलोची हातोडी.

क्रम वरून खाली. डोकं आणि कोकरू आधी, कारण तेव्हा खालचा ठोकळा जड असतो आणि मूर्ती हलत नाही. धड नंतर, पाय सगळ्यांत शेवटी. दोन पायांमधली फट आरपार काढू नका. समोरून ८ मिलिमीटर आत जा, मागे खोड तसंच ठेवा. कोकराचे पाय आणि मेंढपाळाच्या मुठी यांच्यामध्ये ५ मिलिमीटरचा पूल अखेरपर्यंत सोडा. तो पूल काढायचा दिवस म्हणजे सगळं घासून झाल्यानंतरचा, तोही छिन्नीने नाही, डायमंड बरने (हिऱ्याचे कण लावलेल्या, गरगर फिरणाऱ्या बारीक टोकाने).

चेहरा सर्वांत वेळखाऊ, आणि इथे छिन्नी जवळजवळ निवृत्त होते. मध्यरेषा आणि डोळ्यांची रेषा आखा. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात, नवशिके ते वर चढवतात. नाकाच्या शेंड्यावर १ मिलिमीटर माल जास्त ठेवा. नाकापासून बाहेर जा, गालांकडून नाकाकडे येऊ नका, नाहीतर नाकाला दगड उरत नाही. डोळ्यांच्या खोबण्या आधी अडीच मिलिमीटर खोल घ्या, तोवर पापण्यांचा विचारही नको. दगडाचा कण अर्धा मिलिमीटर धरला तर १ मिलिमीटरची पापणी म्हणजे दोन कण. एक उडाला की पापणी गेली. त्यामुळे पापणीची रेघ कोरण्याऐवजी वरच्या पापणीखाली सावली कोरा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात १ मिलिमीटरच्या बरने एक ठिपका, ओठांच्या दोन्ही टोकांना एकेक. चेहरा लगेच जागा होतो. बुबुळाला भोक पाडू नका, या आकारात मूर्ती दचकल्यासारखी दिसते.

ही ठिपक्याची युक्ती रोमन काळातलीच आहे. तेव्हाच्या कुरळ्या केसांत गिरमिटाची भोकं स्पष्ट दिसतात. तीच पद्धत ठेवा: केसांच्या प्रत्येक वळणाच्या मध्यावर दीड मिलिमीटरचं भोक, दोन भोकांत निदान दीड मिलिमीटर भिंत. बर पाण्यात बुडवत, तीन-चार सेकंद टेकवून उचलायचा. दाबून धरला की तापतो, बरवरचे हिऱ्याचे कण सुटतात आणि भिंतीला केसासारखी चीर जाते. दिवा समोरून नको, एका बाजूने तिरका हवा, आणि दर थोड्या वेळाने बाजू बदला. समोरच्या उजेडात चेहरा एकसारखा भासतो आणि एक गाल फुगलेला राहतो.

कोकराबद्दल एक सूचना. कोकणात डोळ्यांसमोर शेळ्या असतात, हातून नकळत शेळीच घडते. मेंढीची शेपटी खाली पडलेली, शेळीची वर. मेंढीचं नाक फुगीर, कपाळापासून एका बाकात उतरणारं. मत्तयच्या शुभवर्तमानात मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे वेगळी काढली आहेत, तेव्हा खांद्यावर कोण आहे हे नेमकं दिसायला हवं. पावसाळा सरला की घाटावरच्या धनगरांचे कळप खाली उतरतात, तेव्हा बाजूने आणि मागून फोटो काढून ठेवा. लोकरीला दातेरी छिन्नीचे ओरखडे तसेच राहू द्या, वर मधूनमधून भोकं. लोकर घासून गुळगुळीत केलीत तर उशी दिसते.

घासणं ओल्या वॉटर पेपरने: १२०, २२०, ४००, ६००, ८००, हवं तर १०००. प्रत्येक नंबर आधीच्याला आडवा फिरवा. ओल्या दगडावर ओरखडे लपतात, म्हणून पुढच्या नंबराला जाण्याआधी पूर्ण सुकवून बघा. १२० चा एक ओरखडा राहून गेला तर तो ८०० ला सापडतो आणि परत १२० पासून सुरुवात. चेहरा, हात, पाय ८०० पर्यंत, अंगरखा ४०० ला थांबवा, लोकर आणि खोड छिन्नीवरच. या फरकानेच मूर्ती जिवंत दिसते. मार्बलवाले सुचवतात ते ऑक्झॅलिक पॉलिश फरशीसाठी आहे. ते विषारी आहे, आणि जास्त वेळ घासलं तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. ४ मिलिमीटरच्या डोळ्याजवळ ते नेऊच नका.

समुद्राकाठी खरा शत्रू लोखंड. छिन्नीचा बारीक कण दगडात रुतून राहिला की दोन महिन्यांत तिथे तपकिरी ठिपका. वायर ब्रश आणि स्टील वूल कामाच्या जागेत ठेवूच नका. छिन्न्यांना गंज लागू नये म्हणून तेल लावाल, ते थिनरने पुसल्याशिवाय दगडाला लावू नका, तेलाचाही डाग मुरतो. खोबरेल लावलेल्या हातांचासुद्धा. तेलाचा डाग ताजा असेल तर टाल्कम पावडर ॲसिटोनमध्ये कालवून जाड लेप द्या, वर प्लास्टिक, एक दिवसाने काढा, गरज पडली तर पुन्हा. गंजाचा डाग मात्र घरच्या उपायाने जात नाही. गंज काढायची बाजारातली बरीच औषधं आम्लं असतात, ती डागाआधी संगमरवर खातात. ओला दगड जांभ्याच्या लादीवर किंवा अंगणातल्या तांबड्या मातीत टेकवून ठेवलात तर खालचं लोह वर चढतं. खाली पांढरी टाइल ठेवा. ओलं गोणपाट आणि काथ्याही पिवळे डाग सोडतात, म्हणून गुंडाळायला फोम वापरा.

तळाला खुंटी लागली तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील, ६ मिलिमीटर जाड, दोन्हीकडे ३०-३० मिलिमीटर आत. भोक ८ मिलिमीटरचं करा म्हणजे इपॉक्सीला जागा मिळते. साधी सळई घातली तर ती गंजून फुगते आणि तळच फोडते. खाऱ्या हवेत ३०४ दर्जालाही तांबूस डाग धरतात. जोड पावसाळ्यात करायचा तर दोन्ही बाजू हेअर ड्रायरने आधी कोमट सुकवून घ्या, दमट दगडावर इपॉक्सी नीट धरत नाही. नाक उडालं तर तुकडा शोधून ठेवा, घाई करू नका. १९७२ मध्ये पिएतावर हातोडीने हल्ला झाला तेव्हा तिचा तुटलेला हातही असाच तुकड्यांनी जोडावा लागला होता. मार्बलवाल्यांचा मॅस्टिक (दगड चिकटवायचा लगदा) उन्हात पिवळा पडतो. पांढरं इपॉक्सी आणि त्याच दगडाची चाळलेली पूड घ्या. म्हणून घासण्याआधीची कोरडी पूड एका बाटलीत बाजूला काढून ठेवायची.

मूर्ती वाडीतल्या उघड्या क्रूसाशी किंवा ग्रोटोत (मूर्तीसाठी रचलेल्या दगडी गुहेत) ठेवणार असाल तर वर पुढे आलेला छज्जा आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच हवी. उघड्यावर खारा वारा आणि पाऊस मिळून पॉलिश तीन-चार पावसाळ्यांत घालवतात, मग कण सुटायला लागतात. मेणबत्ती निदान फूटभर लांब, काजळी लोकरीच्या भोकांत बसली तर निघत नाही. झेंडूचा ओला हार थेट अंगावर नको, पिवळा रंग उतरतो. हार बारीक तारेत ओवलेला असेल तर ती तार मानेवर गंजाची रेघ सोडते, तेव्हा दोऱ्यातला हार मागून घ्या आणि संध्याकाळी काढून ठेवा. पुसायला साधं पाणी आणि मऊ ब्रश. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर यांपैकी काहीही नको, आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली असेल तर कोकमाच्या आगळापासून दूर, त्याचा एक थेंब पॉलिशही खातो आणि जांभळा डागही सोडतो.